वाचकांचे प्रश्न : एमएसची चाल घरच्या घरी मोजताना

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करणारा एमएस हा आजार, असलेल्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची या वेळची पत्रं जवळपास एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत. मोबाइल, मनगटावरचं घड्याळ आणि एमआरआयचं सॉफ्टवेअर जे आकडे देतात, त्यांच्यावरून आजार पुढे सरकतोय की नाही हे कळतं का? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. एक सूचना सगळ्यांसाठी : यातल्या कुठल्याही आकड्यावरून औषध स्वतःहून थांबवू नका किंवा बदलू नका. नॅटालिझुमॅब, फिंगोलिमॉड यांसारखी औषधं अचानक बंद केली तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे मधूनमधून उसळून ओसरणारा, एमएस आहे. चार वर्षांत एकही रिलॅप्स, म्हणजे अशी उसळी, नाही, एमआरआयही स्थिर. डॉक्टर दर वेळी ‘ईडीएसएस 3.5, बदल नाही’ असं लिहितात. पण बाजारातून परत येताना आता डावा पाय ओढत यावं लागतं. हा माझ्या मनाचा खेळ आहे का? घरी मोजण्यासारखं काही आहे का? — एक वाचक, नाशिक

मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही सांगता ते आणि डॉक्टर लिहितात ते, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

ईडीएसएस ही एमएसमधलं अपंगत्व मोजायला न्यूरॉलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी बनवलेली मोजपट्टी. आज वापरात असलेलं तिचं रूप 1983 चं आहे. ती 0 ते 10 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाने चढते. 4.0 च्या खाली गुण मुख्यतः तपासणीवर ठरतात : नजर, ताकद, संवेदना, तोल, मूत्राशय. 4.0 पासून पुढे चालण्याचं अंतर महत्त्वाचं होतं. आधाराशिवाय, न थांबता साधारण 500 मीटर चालता आलं तर 4.0, आणि 100 मीटरसाठी काठी लागली तर 6.0. मोजलं जातं ते अंतर, वेग नाही, त्यामुळे माणूस बराच मंदावला तरी आकडा जागचा हलेलच असं नाही. शिवाय बहुतेक ओपीडीत 500 मीटर चालवून पाहायला जागा नसते आणि वेळही नसतो, त्यामुळे अंतर विचारून लिहिलं जातं. ‘किती चालता?’ असं विचारलं, की आपणही मागच्या वेळचंच उत्तर देतो.

दुसरी गोष्ट. रिलॅप्स न येता, एमआरआयवर नवे डाग न दिसता अपंगत्व हळूहळू वाढणं एमएसमध्ये घडतं. डॉक्टर त्याला ‘पिरा’ म्हणतात. सुरुवातीच्या वर्षांतही ते होऊ शकतं. दोन भेटींच्या मधल्या सहा महिन्यांत ते इतकं सावकाश होतं की शरीर जुळवून घेतं आणि माणूस बाजाराचा रस्ता बदलतो. घरच्या मोजणीचा खरा उपयोग इथे आहे.

सगळ्यात भरवशाची घरगुती चाचणी 25 फुटांची, म्हणजे 7.62 मीटरची. मेजरिंग टेपने अंतर मोजून दोन्ही टोकांना जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावा. शेवटच्या पट्टीपुढे निदान दीड मीटर मोकळी जागा हवी, नाहीतर भिंत दिसताच पाय आपोआप मंदावतो. सुरुवातीच्या पट्टीमागे उभे राहा. पडणार नाही इतक्या जोरात चाला, धावायचं मात्र नाही. घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या. पुढचं पाऊल पहिल्या पट्टीपलीकडे गेलं की सुरू, दुसऱ्या पट्टीपलीकडे गेलं की बंद. लगेच तसंच परत या आणि दोन्ही वेळांची सरासरी लिहा. काठी लागत असेल तर घ्या, पण मग दर वेळी तीच काठी. चप्पल किंवा बूट तेच, दिवसाची वेळ तीच, फरशीही तीच. फरशी नुकतीच पुसलेली असेल तर त्या दिवशी चाचणी नको.

पहिल्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा मोजा. पहिले दोन आकडे सरावाचे म्हणून सोडा, बाकीच्यांची सरासरी ही तुमची पायाभूत वेळ. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. वेळ 20 टक्क्यांनी वाढली तर तो बदल गंभीरपणे घ्यायचा, हे जगभर मान्य झालेलं प्रमाण आहे. तुमची पायाभूत वेळ 6.0 सेकंद असेल तर रेषा 7.2 ला. एकदा ओलांडली म्हणजे निष्कर्ष काढू नका. आठवड्याने पुन्हा मोजा, मग महिन्याने. औषधांच्या अभ्यासांतसुद्धा बिघाड 12 किंवा 24 आठवडे टिकला तरच ‘पक्का’ धरतात.

आता तुमच्या पत्रातला ‘परत येताना’ हा शब्द. जाताना पाय उचलला जातो, येताना ओढला जातो, म्हणजे तक्रार थकण्याची आहे. 25 फुटांची चाचणी सहा-सात सेकंदांत संपते, तिला ती दिसणार नाही. तिच्या जोडीला तीन महिन्यांतून एकदा सहा मिनिटांची चाल मोजा. सोसायटीच्या आवारात किंवा अंगणात 20 मीटरची सरळ पट्टी आखा, खेपा मोजा आणि पहिल्या मिनिटात किती मीटर व सहाव्या मिनिटात किती, हे वेगळं लिहा. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर मोजू नका, इमारतींच्या मधे ते बरंच चुकतं. सोबत कुणीतरी असू द्या. पहिल्या आणि शेवटच्या खेपेला बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून व्हिडिओ घ्यायला सांगा. पाऊल पुढून लोंबतंय, गुडघा मागे जातोय, की कमरेतून पाय फिरवून टाकला जातोय, हे त्यात दिसतं. पाऊल लोंबत असेल तर घोट्याची पट्टी, विद्युत उत्तेजन आणि नेमके व्यायाम असे उपाय फिजिओथेरपिस्टकडे आहेत. त्यासाठी ईडीएसएस 4 होण्याची वाट पाहायची गरज नाही.

चालण्याच्या वेळेसमोर औषधांच्या तारखाही लिहा. डॅल्फॅम्प्रिडीन सुरू केलं तर काही जणांचा वेग वाढतो. बॅक्लोफेनचा डोस वाढवला तर ताठरपणा कमी होतो, पण ज्या ताठरपणावर पाय उभा होता तोच गेल्यामुळे गुडघा लचकू शकतो. तारीख नसेल तर असा बदल आजाराच्या खात्यावर जमा होतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं घड्याळ मार्चमध्ये रोजची साडेपाच हजार पावलं दाखवत होतं. मेमध्ये तीन हजारांवर आलं. हा रिलॅप्स समजून स्टेरॉइडसाठी डॉक्टरांना फोन करावा का? — एक वाचिका, नागपूर

आधी थर्मामीटर लावा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये नोंदवलं होतं, की काही रुग्णांची नजर श्रमांनंतर धूसर होते आणि विश्रांतीनंतर परत येते. मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं, आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडू शकतो. नवं नुकसान झालेलं नसतं, शरीर थंड झालं की ताकद परत येते. नागपुरात मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा हे रोज दुपारी होऊ शकतं. आणि त्या दिवसांत धडधाकट माणूसही बाहेर कमीच पडतो. घड्याळ माणूस किती चालला ते मोजतं, किती चालू शकतो ते त्याला कळत नाही.

म्हणून पहाटे सहाच्या सुमारास, गार पाण्याने अंघोळ झाल्यावर, वर सांगितलेली 25 फुटांची चाचणी करा. वेळ आधीइतकीच आली तर क्षमता टिकून आहे, उन्हाने फिरणं कमी झालंय. आधी मोजलेलं नसेल तर ही पहाटेची वेळ आणि दुपारची वेळ शेजारी शेजारी लिहा, त्या फरकातूनही कळतं.

रिलॅप्स कधी म्हणायचा? नवी तक्रार, किंवा जुनीच पण स्पष्टपणे बळावलेली, निदान 24 तास सलग टिकली पाहिजे. ताप किंवा संसर्ग नसावा आणि आधीच्या रिलॅप्सच्या सुरुवातीपासून 30 दिवस उलटलेले असावेत. मूत्रसंसर्ग हे खोट्या रिलॅप्सचं फार नेहमीचं कारण आहे. एमएसमध्ये जळजळ जाणवेलच असं नाही, फक्त पाय जड होतात. अशा वेळी संसर्ग तसाच ठेवून स्टेरॉइड दिलं तर तो फोफावतो. लघवीच्या साध्या तपासणीबरोबर कल्चरही सांगा.

नोंदीत खोलीच्या तापमानाचा एक रकाना ठेवा. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर आणि मानेभोवती ओला पंचा चांगलं काम करतात. मुंबई-कोकणाच्या दमटपणात घाम आणि पाणी उडून जात नाही, तिथे बर्फाची पिशवी, गार पाण्याची अंघोळ किंवा एसी लागतो.

आलेखाची किंवा चाचणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं ते हे : एका डोळ्याची नजर कमी होणं आणि डोळा हलवताना दुखणं, पायांची ताकद एक-दोन दिवसांत जाणं, लघवी अडणं, गिळताना ठसका लागणं. नॅटालिझुमॅबवर असलेल्या माणसाच्या बोलण्यात किंवा वागण्यात बदल दिसला तर तोही.

प्रश्न : पावलं मोजण्यासाठी कुठलं घड्याळ घ्यावं? मी वॉकर वापरते. — एक वाचिका, सोलापूर

वॉकर धरून चालताना हात झुलत नाहीत, त्यामुळे मनगटावरचं कुठलंही घड्याळ तुमची बरीच पावलं गाळणार. अगदी हळू चालणाऱ्यांचंही हेच होतं. घोट्याला बांधता येईल असा बँड घ्या आणि घेताना तपासा : 100 पावलं स्वतः मोजून चाला, बँड 90 ते 110 च्या मधे दाखवत असेल तर चालेल. किंमत जास्त म्हणून मोजणी चांगली, असं या बाबतीत होत नाही.

आयफोन 8 आणि त्यानंतरचे आयफोन चालण्याचा वेग, पावलाची लांबी, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचं प्रमाण आणि दोन पायांतला असमतोल आपोआप नोंदवतात. पण फोन कमरेजवळ असावा लागतो आणि तुमची उंची बरोबर भरलेली असावी लागते. साडी किंवा खिसा नसलेला ड्रेस नेसणाऱ्या बायकांचा फोन पर्समध्ये नाहीतर हातात असतो, त्यामुळे हे आकडे येतच नाहीत किंवा कसेतरी येतात. कमरेला बांधायची छोटी पिशवी शिवून घ्या. वॉकर किंवा काठीबरोबर मात्र या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका.

रोजच्या आकड्याकडे पाहू नका. दिवसात किमान दहा तास बँड घातलेला असेल तोच दिवस धरा आणि चार आठवड्यांची सरासरी आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडा. लग्नकार्य, प्रवास, आजारपण, पाऊस यांच्या खुणा कॅलेंडरवर करा.

प्रश्न : जर्मनीतल्या भावाने एमएससाठीच्या अॅपबद्दल सांगितलं. अशा एका अॅपमधले माझे गुण महिनाभर वाढत आहेत. मी बरी होत आहे का? — एक वाचिका, पुणे

पहिल्या महिन्यातली वाढ बहुतेक वेळा सरावाची असते. कोडं रोज सोडवलं की वेग येतो, तसंच. ही वाढ थांबून आकडा सपाट झाला की तिथून तुमची पायाभूत पातळी धरा. आणि मग एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. सराव सुरू असूनही आकडा घसरत असेल, तर ती घसरण दिसते त्यापेक्षा मोठी असू शकते.

या क्षेत्रात ठाऊक असलेली नावं म्हणजे रोश कंपनीचं फ्लडलाइट, बायोजेनचं कोनेक्टॉम, फ्रान्समधल्या अॅड सायंटियमचं एमएसकोपायलट आणि बेल्जियमच्या आयकोमेट्रिक्सचं आयकम्पॅनियन. पहिल्या तिघांचा भर चाचण्यांवर आहे : पडद्यावरचे आकार दोन बोटांच्या चिमटीत पकडणं, बोटाने आकृती गिरवणं, चालत जाऊन वळणं, स्थिर उभं राहणं, दोन मिनिटं चालणं, चिन्हं आणि आकडे जुळवणं. प्रत्येकात यातलं सगळं नसतं. आयकम्पॅनियन लक्षणांची नोंद आणि प्रश्नावल्यांकडे झुकतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये तयार झालेली एमएसपीटी ही आयपॅडवरची चाचणी रुग्णालयातच भेटीच्या दिवशी घेण्यासाठी आहे.

ही अॅप्स काही देशांत मिळतात, काहींत नाहीत, आणि कंपनीचं धोरण बदललं की बंदही होतात. म्हणून निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी बघा. अॅप मूळ आकडा दाखवतं का, म्हणजे सेकंद, मीटर, बरोबर उत्तरं? नुसता हसरा चेहरा किंवा ‘छान’ असं लिहून येत असेल तर सहा महिन्यांनी तुमच्या हातात काही उरणार नाही. आणि सगळी नोंद पीडीएफ किंवा एक्सेल फाइल म्हणून बाहेर काढता येते का? येत असेल तर महिन्यातून एकदा काढून ठेवा.

फोन बदलला की पडद्याचा आकार, स्पर्शाची संवेदनशीलता, आतला हालचाल मोजणारा भाग, सगळं बदलतं. जुना फोन लगेच देऊन टाकू नका. दोन आठवडे दोन्हींवर चाचण्या करा, फरक लिहून ठेवा. पडद्यावर नवी काच चिकटवली तरी चिमटीच्या चाचणीत फरक पडू शकतो. बोटं घामट असतील तर पुसून घ्या.

एका अॅपचा आकडा दुसऱ्या अॅपशी, किंवा तुमचा आकडा एखाद्या ग्रुपवरच्या दुसऱ्या रुग्णाशी ताडण्यात काहीच अर्थ नाही. तुमचा आकडा फक्त तुमच्याच जुन्या आकड्याशी बोलतो.

प्रश्न : मी बँकेत काम करतो. चालणं ठीक आहे, पण व्हाउचर तपासताना वेळ लागू लागलाय. हे मोजता येतं का? — एक वाचक, ठाणे

येतं, आणि मोजायलाच हवं, कारण ईडीएसएसमध्ये विचारांचा वेग जवळजवळ दिसतच नाही.

यासाठी एसडीएमटी ही चाचणी वापरतात. वर नऊ चिन्हं आणि त्यांचे नऊ आकडे असतात. खाली नुसत्या चिन्हांची रांग. 90 सेकंदांत जितकी जुळतील तितके आकडे सांगायचे. आकडे मराठीत मोठ्याने सांगितले तरी चालतात, म्हणून ही चाचणी इंग्रजी न येणाऱ्यांनाही जमते. मात्र दर वेळी त्याच भाषेत सांगा. गुण 4 ने कमी झाले, समजा 52 वरून 48 वर आले, तर डॉक्टर तो बदल दखलपात्र मानतात. कागदावरची आणि अॅपवरची चाचणी मात्र एकमेकींशी जोडू नका. कागदावर तोंडी सांगायचं असतं, अॅपवर बोट चालवायचं असतं, त्यामुळे हात अधू असेल तर गुण हातामुळे पडतात.

इंटरनेटवरून नमुना उतरवून घरी रोज सोडवू नका. चिन्हांची जोडी पाठ झाली की चाचणी तुमच्यापुरती कायमची निकामी होते. वर्षातून एकदा मानसतज्ज्ञाकडून किंवा प्रशिक्षित माणसाकडून करून घ्या. गुण पडले तर एमएसवर ठपका ठेवण्याआधी चार गोष्टी तपासा : झोप, उदासी, नजर, आणि मूत्राशयासाठी घेतलेली ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं. ही औषधं विचारांवर सावट आणू शकतात आणि त्यांना पर्याय असतात.

हाताचं कौशल्य मोजायला नऊ खुंट्यांची चाचणी आहे. नऊ खुंट्या एकेक करून भोकांत घालायच्या आणि परत काढायच्या, प्रत्येक हाताने दोनदा. इथेही 20 टक्क्यांचीच रेषा. तो फळा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे असतो.

प्रश्न : दोन सेंटरचे दोन एमआरआय रिपोर्ट. एकात ‘नवे तीन डाग’, दुसऱ्यात ‘बदल नाही’. शिवाय सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये मेंदू 0.6 टक्के आकसल्याचं लिहिलंय. आई घाबरून गेली आहे. — एक वाचक, कोल्हापूर

आधी आईंना सांगा, की दोन वेगळ्या मशीनवरच्या दोन वेगळ्या मापांची ही तुलना आहे. तेवढ्यावरून काही ठरत नाही.

एमआरआय मेंदूची चित्रं एकेका कापाची घेतं. जाड कापांमध्ये छोटा डाग दोन कापांच्या मधे हरवतो, पातळ कापांत सापडतो, आणि मग रिपोर्टमध्ये ‘नवा’ होतो. डोकं थोडं वेगळ्या कोनात ठेवलं गेलं तरी हेच घडतं. 2021 मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांनी मिळून एमएसच्या एमआरआयसाठी जी शिफारस केली, तिचा गाभा एवढाच : मेंदूसाठी थ्रीडी फ्लेअर (डाग ठळक दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घ्या, दर वेळी तीच पद्धत ठेवा आणि शक्यतो तेच मशीन वापरा. थ्रीडी जमत नसेल तर काप 3 मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. नियमित पाठपुराव्यात प्रत्येक वेळी गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन लागतंच असं नाही, नवे डाग जुन्या स्कॅनशी ताडून कळतात.

तारखांचंही गणित आहे. नवं औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक स्कॅन घेतात, आणि पुढची तुलना त्याच्याशी करतात. औषधाचा परिणाम पूर्ण सुरू होण्याआधी आलेले डाग औषध फसल्याचा पुरावा ठरू नयेत, म्हणून. तुमच्या दोन स्कॅनच्या मधे औषध बदललं होतं का, हे पत्रात नाही, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आता तो 0.6. निरोगी प्रौढांचा मेंदूही वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के आकसतो. एमएसमध्ये वेग त्याहून जास्त असतो, आणि 0.4 टक्क्यांच्या पुढचा दर अभ्यासांमध्ये असामान्य धरला जातो. पण शेकडो रुग्णांच्या सरासरीसाठी उपयोगी असलेला हा आकडा एका माणसाच्या दोन स्कॅनवर लावला, की मोजणीची चूकच जवळपास तेवढी असते. मशीन बदललं की फरक येतो. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूचं आकारमान घटतं. स्टेरॉइडनंतर घटतं. एमएसवरचं जोरदार औषध सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात सूज ओसरल्यामुळेही घटतं, आणि तो खरं तर चांगला परिणाम असतो. एकाच मशीनवरच्या, एकाच पद्धतीच्या तीन-चार वर्षांच्या मालिकेत आकडा सतत तसाच राहिला, तर त्यावर बोलण्यासारखं असतं.

पुढच्या वेळी सेंटरवर तीन गोष्टी मागा. एक, मूळ डायकॉम फाइल्स सीडीत किंवा पेनड्राइव्हवर. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा जेपीजी चित्रं तुलनेला चालत नाहीत, सॉफ्टवेअर तर ती घेतच नाही. दोन, मागच्या स्कॅनची सीडी आधी देऊन ‘याच्याशी तुलना करून रिपोर्ट द्या’ असं रेफरन्सच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीन, या वेळची पद्धत कोणती होती ते कागदावर. सीडी वर्ष-दोन वर्षांत ओरखडे पडून वाचेनाशी होते. घरी आणल्या दिवशीच पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवा, फोल्डरला तारीख आणि सेंटरचं नाव द्या. आत्ताचे दोन्ही स्कॅन एकाच न्यूरोरेडिऑलॉजिस्टला शेजारी शेजारी ठेवून दाखवा. हे काम माणसाच्या डोळ्याने करण्याचं आहे. सॉफ्टवेअरने खूण केलेला डाग खरा की रक्तवाहिनीची सावली, हे त्यालाच ठरवावं लागतं.

प्रश्न : सहा महिन्यांतून एकदा पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जातो. दहा मिनिटं मिळतात. अॅपचे शंभर आलेख कसे दाखवू? — एक वाचक, धाराशिव

दाखवू नका. एक कागद न्या. वरच्या ओळीत, आल्या आल्या सांगायची एकच गोष्ट : ‘मार्चपासून 25 फुटांची वेळ 6.1 वरून 7.5 सेकंद, तीन महिने तशीच.’ खाली महिन्यागणिक चार रकाने : 25 फुटांची वेळ, पावलांची महिन्याची सरासरी, पडल्याच्या तारखा, औषधातले बदल. पडणं अॅप सहसा विचारत नाही, पण ते लिहाच. कुठे पडलात, उजेड होता का, वळताना की सरळ चालताना, हेही. शेवटी दोन प्रश्न, जास्त नकोत. व्हिडिओ 20 सेकंदांचा आणि फोनमध्ये आधीच उघडून ठेवलेला असावा. मराठीत लिहिलं तर बिघडत नाही.

प्रश्न : ही माहिती कंपनीकडे जाते. नोकरीच्या ठिकाणी किंवा विम्याला कळेल का? आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अॅपचा रिपोर्ट चालतो का? — एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

ऑफिसने दिलेल्या घड्याळावर किंवा ऑफिसच्या ‘वेलनेस’ योजनेतल्या अॅपवर एमएसची नोंद ठेवू नका. स्वतःच्या फोनवर, ऑफिसशी न जोडलेल्या ईमेलने खातं उघडा. अॅपला लोकेशन, संपर्कयादी, मायक्रोफोन यांची परवानगी कशाला हवी ते विचारा. 25 फूट चालायला संपर्कयादी लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क नमूद आहे. पण फोनवरून अॅप काढून टाकलं म्हणजे कंपनीकडची माहिती पुसली जात नाही. आधी खातं बंद करण्याची विनंती पाठवा, मग अॅप काढा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिपोर्ट टाकताना नाव आणि जन्मतारीख झाका.

प्रमाणपत्राला अॅपचा आकडा चालत नाही, टक्केवारी वैद्यकीय मंडळच ठरवतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्टपणे आहे, आणि आरक्षणासारख्या बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्क्यांची मर्यादा लागते. मंडळापुढे जाताना न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदी, एमआरआय आणि डिस्चार्ज कार्डं तारखेच्या क्रमाने न्या. घरची मोजणी जोडलीत तर मुदतभर काय होत गेलं ते सांगणं सोपं जातं. मुंबईत 1985 मध्ये सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा या कागदपत्रांबाबत विचारपूस करण्यासाठी चांगली जागा आहेत.

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची. निदान होऊन पाच महिने झाले. दिवसातून दहा-दहा वेळा अॅपवर चाचणी करते, आकडा थोडा खाली आला की रडते. अॅप काढून टाकू का? — एक आई, सांगली

तिच्या नकळत काढू नका. निदान झाल्यावर तिच्या हातात राहिलेली ही एकच गोष्ट असावी, ती हिसकावली तर विश्वास जाईल.

तिला हे सांगा : दिवसातून दहा वेळा घेतलेला आकडा थकवा मोजतो. दहाव्या वेळेला तो खाली येणारच, निरोगी माणसाचाही येईल. महिन्यातला एक ठरावीक दिवस आणि वेळ दोघींनी मिळून ठरवा, पहिल्या रविवारी सकाळी नऊ, असं काहीतरी. त्या दिवशी घड्याळ तुम्ही धरा. बाकी दिवशी अॅपच्या सूचना बंद. तिला चालत असेल तर तीन महिने आकडे तुम्ही वहीत लिहा आणि मग दोघी मिळून पाहा. पाच महिन्यांत औषध बसलेलंही नसतं, या काळातल्या चढउतारांवरून पुढच्या वर्षांचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही.

रडणं, झोप उडणं, जेवण सुटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टला फोन करून सांगा. एमएसमध्ये उदासी बऱ्याच जणांना येते, तिच्यावर उपचार आहेत आणि ते एमएसच्या औषधांबरोबर घेता येतात. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर त्याच दिवशी. सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.